सगळ्यांना तोच हात

संपादकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, बायका सोनं कुठं कुठं लपवतात त्याचे किस्से लिहा. वाचकांना मजा येईल." मी म्हटलं, सोनं पकडणं कस्टमवाल्यांचं काम, माझं नव्हे. मग म्हणाले, बरं, काहीतरी आध्यात्मिक लिहा, निवृत्तीनंतर सगळेच लिहितात. थट्टेनं म्हणाले असतील. मी मनावर घेतलं.

तेव्हा आधीच सांगून टाकते. हा लेख अध्यात्माबद्दल आहे, पण ते अध्यात्म निळ्या पडद्याआड, चार बाय चारच्या खोक्यात, हातात मेटल डिटेक्टर धरून झालेलं आहे. त्यात अगरबत्ती नाही. वाचून मन शांत व्हावं अशी अपेक्षा असेल तर पुढचा लेख वाचा, तो बहुधा कुणातरी डॉक्टरांचा आहे.

मी वनिता गजभिये, मूळची वर्धा जिल्ह्यातली. केंद्राच्या एका सुरक्षा दलात शिपाई म्हणून लागले आणि सब-इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. मधली बरीचशी वर्षं दिल्लीच्या बाजूच्या एका विमानतळावर गेली. कुठला ते विचारू नका, निवृत्त झाले तरी तोंडाला कुलूप लावायची सवय गेलेली नाही. आता दिल्लीतल्याच द्वारकेत राहते. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून उतरणाऱ्या विमानांची पोटं दिसतात आणि पाहुणे आले की फोटो काढतात. मी कपडे वाळत घालते.

तुम्ही बाई असाल आणि विमानानं गेला असाल तर मला, निदान माझ्यासारखीला, भेटला आहात. सामान मशीनमध्ये जातं, पुरुष उघड्यावर उभे राहतात आणि बायका पडद्याआड येतात. आत एक लाकडी फळी असते, जमिनीपासून वीतभर उंच. बाई तिच्यावर चढते. "हाथ ऊपर कीजिए मैडम." मग गळ्यापासून घोट्यापर्यंत हात फिरतो. कुठं तळहात लावायचा आणि कुठं हाताची पाठ, ते ठरलेलं असतं. "घूम जाइए." पाठ, कंबर, अंबाडा. झालं. अर्धं-पाऊण मिनिट. तेवढ्यात पुढची पडदा बाजूला करते. आठ तास हेच चालतं. संध्याकाळी माझ्या हातांना शंभर जणींचे वास यायचे. अत्तर, खोबरेल तेल, बाम, बाळाचं दूध. माझी मुलगी पल्लवी लहान असताना माझा हात नाकाशी धरायची आणि सांगायची, "मम्मी, आज कोणीतरी लोणचं घेऊन आलेलं."

हात हा शब्द आलाच आहे तर सांगते. माझ्या आईच्या हातात गावातला दुकानदार मीठ वरून टाकायचा. तिचा ओंजळीचा हात खाली, त्याचा वर, मध्ये वीतभर हवा. तिच्या पोरीला सरकारनं पगार देऊन, वर्दी देऊन, या देशातल्या झाडून साऱ्या बायकांना हात लावायचं काम दिलं. पहिल्या दिवशी मी आईला फोन केला. म्हटलं, "आई, आज कलेक्टरची बायको तपासली, कुठल्याशा राजघराण्यातली म्हातारी तपासली." आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हात धुऊन जेवत जा गं. त्यांना काय काय रोग असतात." मी इतकी हसले की फोन हातातून पडला.

उत्तरेत माझं आडनाव कुणाला कळायचं नाही. "गजभिये? साउथ से हो?" मी हो म्हणून मोकळी व्हायची. मी सावध व्हायची ती समोरच्या बाईनं मराठीत तोंड उघडलं की. एकदा एक बाई आली, चांगली काठापदराची साडी, कानात मोत्यांच्या कुड्या, फळीवर चढता चढता खूश होऊन म्हणाली, "अय्या, मराठी वाटतं? कुठल्या तुम्ही?"

"वर्ध्याची."

तिची नजर छातीवरच्या नावाच्या पाटीवर गेली. तिनं ती अक्षर अक्षर वाचली. "अच्छा," म्हणाली. मग जरा थांबून, हसतच, "दुसरं कुणी नाही का इथं? नाही म्हणजे, मला गुदगुल्या होतात."

मी त्या दिवशी तिच्या अंबाड्यातली एकूण एक पिन काढायला लावली. चपला काढायला लावल्या, पर्स दोनदा उलटी केली. सगळं नियमात बसत होतं. मी नियमात राहूनच सूड घेतला आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. लपवत नाही.

तेव्हा मला स्वतःबद्दल एक मोठा गैरसमज होता. मला वाटायचं, मी चेहरा बघून माणूस ओळखते. अख्ख्या शिफ्टमध्ये माझी ख्याती होती. चहाच्या वेळी ओमवतीदीदी आणि मी पैज लावायचो. ही ओमवती आमची हवालदार, रोहतककडची. मी ट्रेनिंग तिच्याच हाताखाली घेतलं होतं. लांबून येणारी बाई बघून मी सांगायची, ही सासूला भेटून आलीय, ही नवऱ्याला न सांगता निघालीय, हिच्याकडे काहीतरी आहे. नव्वद टक्के बरोबर, असं मीच म्हणायची. कुणी मोजत नव्हतं. ओमवती मान हलवायची. "आँख का के भरोसा, वनिता. हाथ तै देख," म्हणायची. म्हणजे हातानं बघ. मला वाटायचं, हिला जमत नाही म्हणून बोलते.

मग एका दुपारी पडदा सरकवून एक बाई आली. सत्तरीची असेल. पांढरी शुभ्र साडी, निळा काठ, जाड भिंगांचा चष्मा, पदराला अशोकचक्राची छोटी पिन. तिनं माझी पाटी वाचली आणि तिचा चेहरा उजळला. "जय भीम, बेटा," म्हणाली.

इतक्या वर्षांत त्या खोक्यात ते दोन शब्द कुणी उच्चारले नव्हते. माझे डोळे भरून आले. "जय भीम, आई," मी म्हटलं. "गुडघे दुखत असतील, नका चढू फळीवर." माझा हात तिच्यावरून फिरला. तपासलं असं म्हणता यायचं नाही. ओवाळलं म्हणा.

आमच्या धंद्यात डमी नावाचा एक प्रकार असतो. वरच्या कार्यालयातली माणसं प्रवासी बनून येतात, अंगावर खोटं हत्यार बांधतात आणि बघतात आम्ही पकडतो की नाही. कोण, कधी, काही सांगत नाहीत. पंधरा मिनिटांत मला साहेबांच्या केबिनमध्ये बोलावलं. पांढऱ्या साडीतली बाई खुर्चीत बसून चहा पीत होती. टेबलावर प्लास्टिकचं पिस्तूल होतं.

साहेब म्हणजे आमचे असिस्टंट कमांडंट. त्यांचं नाव मी लिहिणार नाही, मला ते लिहायची इच्छाच नाही. ते ओरडत होते, पण मला ऐकू येत नव्हतं. मी बाईंकडे बघत होते. बोलायची परवानगी नव्हती तरी बोलले, मराठीत. "तुमचं जय भीम खोटं होतं का?"

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "नागपूरची आहे मी. रोज म्हणते. पाटी वाचली, आनंद झाला, म्हटलं. तू त्यानंतर माझ्या कमरेपर्यंत आलीच नाहीस."

"फसवलंत मला."

"उद्या फसवायलाच कुणी आली तर काय वेगळी साडी नेसून येईल?" त्यांनी कप ठेवला. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

माझं तपासणीचं प्रमाणपत्र काढून घेतलं. तीन आठवडे पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा परीक्षा, आणि त्यानंतर वर्षभर नजरेखाली. साहेब म्हणाले, "गजभिये, एक भी और शिकायत आई, तो प्लांट ड्यूटी. झारखंड." प्लांट ड्यूटी म्हणजे कारखान्याच्या फाटकावर उभं राहणं. त्याची मला भीती नव्हती. पण पल्लवी अकरावीत होती. पुढच्या वर्षी बारावी. माझे मिस्टर केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला, सकाळी नऊला जायचे ते रात्री आठला यायचे. आम्ही तेव्हा दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. मी झारखंडला गेले तर त्या दोन खोल्यांत पोरगी एकटी. म्हणून मी ठरवलं होतं, काही झालं तरी हे वर्ष काढायचं. मान खाली, तोंड बंद.

त्या तीन आठवड्यांत मला एक गोष्ट कळली आणि ती फार झोंबली. मोत्यांच्या कुड्यांच्या बाईच्या बाबतीत माझा हात जड झाला होता आणि पांढऱ्या साडीच्या बाबतीत हलका. दोन्ही वेळी निर्णय माझ्या डोळ्यांनी आधीच दिलेला होता. हातानं फक्त सही केली.

दर रविवारी आमच्या ब्लॉकमध्ये कुणा ना कुणाच्या बैठकीत बुद्धवंदना व्हायची. तिथे बोरकर काका यायचे, नांदेडचे, निवृत्त स्टेनो. काका मैत्री भावना शिकवायचे. डोळे मिटायचे, आधी स्वतःचं मंगल चिंतायचं, मग घरच्यांचं, मग ओळखीच्यांचं, मग ज्यांचा राग येतो त्यांचं. मी कधी तिसऱ्या पायरीच्या पुढे गेले नव्हते. त्या रविवारी मी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, मला हात लावू नको म्हणणाऱ्या बाईचं पण मंगल चिंतायचं? का म्हणून?"

काका म्हणाले, "नको चिंतू, जमत नसेल तर. पण तू तिच्यावर रोज निकाल देतेस. रोज कोर्ट भरवतेस. दमत नाहीस का?"

"मग माफ करू?"

"माफ करणं म्हणजेसुद्धा निकालच की. न्यायाधीशच माफ करतो. तू खुर्चीवरून उठ म्हणतोय मी."

"आणि उठले, आणि तिनं पिस्तूल आणलं तर?"

काका हसले. "मैत्री म्हणजे तपासणीतून सूट नाही, पोरी. चांगली तपास. सगळ्यांना तपास."

मी त्यावर खूप वाद घातला. चहा थंड झाला. घरी जाताना मिस्टर म्हणाले, "काकांना पुरतं घामाघूम केलंस आज." पण सोमवारी परीक्षा पास होऊन पुन्हा पडद्याआड उभी राहिले तेव्हा मी एक गोष्ट सुरू केली. पडदा सरकला की मी चेहरा बघायचा नाही. आधी पाय बघायचे. फळीवर चढणारे दोन पाय. पैंजण असो, पाचशेची चप्पल असो, पन्नास हजारांचा बूट असो, भेगा असोत. तेवढ्यात एक श्वास घ्यायचा. मग हात नेहमीच्या जागेपासून सुरू करायचा, नेहमीच्या क्रमानं, नेहमीच्या दाबानं. चेहरा सगळ्यात शेवटी, "जाइए मैडम" म्हणताना.

सोपं वाटतं ना? करून बघा. पहिल्या दिवशी मी मनातले निकाल मोजायचं ठरवलं. नखरेल, कंजूष, नवऱ्याला घाबरणारी, माजलेली, गरीब बिचारी. "गरीब बिचारी" हासुद्धा निकालच, हे कळायला मला महिना लागला. जेवणाच्या सुट्टीआधीच मोजणं सोडून दिलं. निकाल थांबत नाहीत. माशीसारखे येतात. मी एवढंच शिकले की माशी बसली तरी हात हलवायचा नाही. आणि गंमत अशी की हात आता जास्त बघायला लागला. कुणाच्या ब्लाउजमध्ये एका बाजूला ऑपरेशननंतरचं कापडाचं पॅड आहे, कुणाच्या पोटावर ताजे टाके आहेत, कोण थरथरतंय. डोळ्यांनी हे मला आधी कधीच सांगितलं नव्हतं.

आणि हो, मराठी बाया येतच होत्या, पाट्या वाचतच होत्या. एखादी अजूनही "अच्छा" म्हणून आखडायची. मला राग यायचा, अजून येतो. तो मी सोडलेला नाही आणि सोडा म्हणणाऱ्यांनी आधी माझ्या आईच्या ओंजळीत मीठ नीट ठेवावं. पण तिला मिळायचा तो हात आणि ओवाळावीशी वाटणारीला मिळायचा तो हात, एकच. माझा हात कसा फिरेल हे तिच्या "अच्छा"नं का ठरवावं? तिला तेवढीसुद्धा सत्ता मी देणार नव्हते.

घरी मात्र या बाबतीत सगळा उजेडच होता. पल्लवीचा एक मित्र कानात बाळी घालून यायचा. तो गेला की मी तोंड उघडायची. एकदा पल्लवी म्हणाली, "मम्मी, यार, तू एअरपोर्टवर सगळ्यांना सेम आणि घरी आम्हाला डबल चेक. त्याचे पण पाय बघ ना आधी." मिस्टरांनी पेपर तोंडासमोर धरला, पण पेपर हलत होता.

त्या वर्षातले आठ महिने असे गेले. पल्लवी बारावीत आली. चार महिने उरले होते.

मग सणांचे दिवस आले, सतर्कतेचा आदेश आला आणि साहेबांनी आम्हा बायकांना उभं करून तोंडी सूचना दिली. "देखकर समझ जाया करो. बुर्का हो तो दो बार. मज़दूर टाइप हो तो थैला पूरा खोलो. और जो ढंग की मैडम लोग हैं, उनको लटकाओ मत." सगळ्या "जी सर" म्हणाल्या. मान खाली, तोंड बंद, असं मी ठरवलेलं होतं. तरी माझा हात वर गेला. "सर, ये लिखित में मिल जाए तो अच्छा रहेगा."

लेखी आलं नाही. येणारच नव्हतं, कारण कुठल्याही नियमात तसं लिहिलेलं नाही. नियम म्हणतो, सगळ्या. मी बाहेर आले तर ओमवती म्हणाली, "पागल हो गी सै? चार महीने." मी म्हटलं, "दीदी, हाथ तै देख, तुमने ही तो सिखाया."

आठवड्याभरात तो दिवस आला. साहेबांचा माणूस पडद्यापाशी येऊन कुजबुजला, "आगे वाली मैडम को निकाल दो, साहब के बड़े साहब की वाइफ़ हैं. पीछे बुर्के वाली है, उसको डबल." तपासणीतून ज्यांना सूट असते त्यांची यादी भिंतीला लावलेली असते. मी यादी पाहिली. अशा कुणाचं नाव त्यात नव्हतं.

पडदा सरकला. उंच टाचांचे दोन पाय फळीच्या अलीकडेच थांबले. "हाथ ऊपर कीजिए मैडम," मी म्हटलं.

"तुम्हें बताया नहीं गया मैं कौन हूँ?"

मी एक श्वास घेतला. "बताया गया मैडम. मेरे काम में जानना ज़रूरी नहीं है. फळीवर या," शेवटचे दोन शब्द घाईत मराठीत निघाले. तिला कळले असावेत. ती चढली. गळा, खांदे, कंबर, घोटे. ना एक थाप जास्त, ना कमी. तिच्या मागून काळ्या बुर्क्यातली पोरगी आली, कडेवर तान्हं, पायात प्लास्टिकच्या चपला. पहिल्यांदाच विमानात बसत असावी, फळीवर चढून तिनं डोळे घट्ट मिटून घेतले. गळा, खांदे, कंबर, घोटे. बाळाचा लंगोट बघितला. एकदाच. "जाइए बेटा." तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बस?"

सिनेमा असता तर टाचांवालीकडे काहीतरी सापडलं असतं. कुणाकडेच काही नव्हतं. दोघी आपापल्या विमानात बसून गेल्या असतील.

दुसऱ्या दिवशी तक्रार आली, असभ्य वर्तनाची. साहेबांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. मी ओळखण्यात चूक केली, मला खेद आहे, पुढे माणूस बघून वागेन. "साइन करो, फाइल यहीं बंद. नहीं तो तुम जानती हो." कागदातली शेवटची ओळ नसती तर मी कदाचित सही केली असती, खरंच सांगते. माझ्या डोळ्यांपुढे पल्लवीचं टाइमटेबल होतं. पण माणूस बघून वागेन, हे लिहून द्यायचं? मी एक दिवस मागून घेतला.

रात्री जेवताना घरात सांगितलं. पल्लवीनं घास खाली ठेवला. "एक सॉरी तर लिहायचंय, मम्मी. झूठमूठ. नंतर तू तेच कर ना जे करतेस." मी म्हटलं, "मग माझ्या हाताला काय सांगू?" ती म्हणाली, "हाताला सांगायचंय तुला. मला काय सांगणार?" आणि उठून आत गेली. मिस्टर म्हणाले, "कर तुला हवं ते. मी पोळ्या शिकून घेतो."

मी सही केली नाही. पंधरा दिवसांत बदलीचा आदेश आला. अडीच वर्षं झारखंडला एका कारखान्याच्या फाटकावर होते. सकाळी कंत्राटी बायका कामावर आत जायच्या, संध्याकाळी बाहेर निघायच्या. डोक्यावर टोपल्या, हाताला काजळी. कारखान्यातल्या मोठ्या साहेबांच्या बायका गाडीतून यायच्या. त्यांनाही खाली उतरायला लावलं. सगळ्यांना एकच हात, म्हणून तिथल्या बायका मला "एक हाथ वाली मैडम" म्हणायला लागल्या. मला आवडायचं ते.

बढाई मारत नाही, हिशोब सांगते. बारावीच्या एकाही पेपरला मी घरी नव्हते. पल्लवीला मनासारखं कॉलेज मिळालं नाही. ती पुढे शिकली, नोकरीला लागली, सगळं नीट झालं, पण त्या वर्षाबद्दल ती माझ्यापाशी कधी बोलली नाही. मी विचारलं की म्हणायची, "छोड ना मम्मी." त्याचं मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. तरी पुन्हा तो कागद पुढे आला तर पुन्हा सही करणार नाही. ही दोन वाक्यं एकमेकांना खोडत नाहीत, असं मला ठणकावून सांगायचंय. आणि साहेबांचं म्हणाल तर बोरकर काकांची चौथी पायरी मला त्यांच्यापुरती अजून चढता आलेली नाही. त्यांच्यावरचं कोर्ट मी आजही अधूनमधून भरवते. काका गेले, नाहीतर ते ओरडले असते.

मागच्या हिवाळ्यात पल्लवी आणि मी नागपूरला निघालो. तिनं तिकीट काढलं, तीच पुढे पुढे चालत होती. मी पडदा सरकवला आणि आयुष्यात फार कमी वेळा केलेली गोष्ट केली, फळीवर चढले. आत एक तरुण शिपाई पोरगी होती. निवृत्तीआधी मी नव्या पोरींना तपासणी शिकवायची, त्यांतलीच एक. माझ्याकडे बघून तिचा चेहरा खुलला. "मैडम आप! ट्रेनिंग में आपने ही तो पढ़ाया था. आप तो अपनी हो, निकलिए, निकलिए." तिनं पडदा धरला.

मी मनातून सुखावले. ओळखलं, मान दिला, कुणाला नको असतं? त्याच दमात दुसरं आलं, ही पोरगी ढिली आहे. दोन्ही येऊ दिलं. मी दोन्ही हात खांद्यापर्यंत वर केले आणि तिथेच उभी राहिले.

"नहीं बेटा. पूरा करो."

"मैडम, आपका क्या चेक करना. पीछे लाइन है."

"पूरा करो."

पडद्याबाहेर कुणीतरी चुकचुकलं. पोरीनं इकडेतिकडे बघितलं. माझे खांदे आता पूर्वीचे राहिलेले नाहीत, हात भरून आले, पण मी ते खाली घेतले नाहीत. शेवटी तिनं सुरुवात केली. गळा, खांदे. घाईघाईनं. मी म्हटलं, "धीरे." मग ती हळू झाली. कंबर, पाठ, घोटे. तिच्या हाताला मोगऱ्याचा वास होता, आधीच्या कुणाचा तरी.

मी उतरले आणि मागून पल्लवी आत आली. पोरगी ओशाळून म्हणाली, "आप मैडम की बेटी हो? आप तो जाइए." पल्लवी फळीवर चढली. कुणी न सांगता तिनं हात वर केले.

"मेरा भी पूरा," ती म्हणाली.

आम्ही गेटपाशी जाऊन बसलो. तिनं कॉफी आणली. तिनं कपाचं झाकण काढलं, पुन्हा लावलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "केमिस्ट्रीच्या पेपरला पप्पांनी डब्यात पोळी दिलेली. मधून कच्ची. मी बाहेरच्या बाकावर बसून अख्खी खाल्ली आणि तुझ्या नावानं खूप रडले."

बोर्डिंगची रांग लागली, पुढे सरकली, जवळजवळ संपली. ती बोलत होती आणि मी ऐकत होते.